कोयनेचे आकडे आणि नैयायिकाचा संस्कार

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे सातारा जिल्ह्यातलं कोयनानगर भूकंपाने हादरलं. १९८५मध्ये सांगली जिल्ह्यात चांदोलीचं वारणा धरण भरू लागलं आणि १९९३पासून धक्के दक्षिणेला, वारणेच्या बाजूलाही सरकले. आज खोऱ्यात भूकंपमापकांचं जाळं आहे, कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे.

भूकंपमापक दम खात नाही. तिन्ही दिशांची हालचाल सेकंदाला शंभर वेळा नोंदवली, तर एका यंत्राचे दिवसाला २ कोटी ५९ लाख २० हजार आकडे होतात. वर्षभराची फाईल एकदम उघडायला गेलं, की साध्या संगणकाची मेमरी भरते आणि तो मान टाकतो.

भूकंपशास्त्रात यावर रुळलेली एक युक्ती आहे. नवा आकडा आला की हालचालीच्या जोराच्या दोन सरासऱ्या किंचित सुधारायच्या: एक गेल्या काही क्षणांची, दुसरी बऱ्याच लांब काळाची. पहिली दुसरीच्या कित्येक पट झाली की धक्का आला असं धरायचं. आकडा मात्र सोडून द्यायचा. हाती उरतात दोनच संख्या.

क्षणिकवादी बौद्धाला हे पटलं असतं. क्षण नष्ट होताना आपला ठसा पुढच्या क्षणाला देतो. प्रवाह चालतो, धरून ठेवणारा कोणी लागत नाही. न्यायदर्शन मानणारा नैयायिक इथेच अडवतो. देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला आठवत नाही, म्हणून टिकणारा आत्मा हवा. अनुभवाचा संस्कार त्याच्यात सुप्त राहतो आणि उद्बोधक, म्हणजे त्याला जागं करणारं निमित्त, भेटला की स्मृती होते. (तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी कोयनेच्याच सातारा जिल्ह्यातल्या वाईला, प्राज्ञपाठशाळेत शिकले. हा वाद इथे परका नाही.)

संगणकाकडे नैयायिकाच्या सोयीची रीतही आहे, मेमरी मॅपिंग. फाईल डिस्कवरच राहते. प्रोग्रॅम ज्या भागाला हात लावेल तेवढंच पान, बहुधा ४ किलोबाइटचं, मेमरीत येतं. सुप्त संस्कार, उद्बोधक, स्मृती! डिस्कला लगेच आत्मा म्हणू नये, एवढंच. ज्ञान हा आत्म्याचा गुण, आणि डिस्कला काही कळत नाही.

मग खरं कोणाचं? विचारायचं काय, यावर ते ठरतं. सरासरीला बेरीज आणि आकड्यांची संख्या पुरते. नेमका मध्यक मात्र थोडक्या मेमरीत, एकाच वाचनात निघत नाही. मधोमध कोण येणार हे शेवटचा आकडा येईपर्यंत ठरत नाही. आणि उद्या सुचणारा प्रश्न आज कोणाच्याच डोक्यात नसतो. प्रवाहाचा पक्ष इथे लंगडा पडतो, कारण सोडलेला आकडा परत मागता येत नाही.

नैयायिकाचीही यातून सुटका नाही. त्याच्या मते यथार्थ अनुभव तेवढाच प्रमा. स्मृती केवळ संस्कारातून उपजते, म्हणून ती प्रमेत धरत नाहीत. पण जुन्या नोंदी ओळखीच्या धक्क्याच्या तरंगाशी पुन्हा ताडून पाहिल्या, की तेव्हा सुटलेले बारीक धक्के सापडतात. त्या दिवशी ते कोणीच ओळखले नव्हते. जे कधी अनुभवलंच नाही, ते आठवणार कसं? नैयायिकाने याला बहुधा अनुमानात बसवलं असतं: तरंग हा हेतू, म्हणजे खूण, आणि धक्का हे साध्य, म्हणजे खुणेवरून सिद्ध होणारं. तसं मानलं तर डिस्कवर होता तो नुसता हेतू, आणि संस्काराशी तिची जुळलेली जोडी तिथेच मोडते.