गुंडाळी तिथेच का मिटलीस?

हे प्रभू येशू,

नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी तुझ्या हाती आली तेव्हा तू उभा राहून वाचलंस. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचल्या गेलेल्यांना मोकळीक, आणि देवाच्या कृपेचं वर्ष. तेवढ्यावर थांबलास, गुंडाळी मिटून सेवकाला दिलीस आणि खाली बसलास. यशयाच्या त्याच वाक्यात पुढं देवाच्या सूडाचा दिवसही आहे. तो तू वाचला नाहीस. लोक टक लावून बघत होते, आणि तू सांगितलंस की हे लिहिलेलं आज पुरं झालं. गावाला आधी कौतुक वाटलं. मग तू सारफथची विधवा आणि अरामी नामान, अशा परक्यांची नावं काढलीस, तेव्हा याच गावकऱ्यांनी तुला कड्यावरून लोटायला नेलं.

तुझा तो ‘आज’ अजून सरलेला नाही अशी माझी श्रद्धा आहे. तिच्याच जोरावर बोलतो आहे.

आमच्यात भविष्यवाणीचा विषय निघाला की ताळा जुळवणं सुरू होतं. मीखानं बेथलेहेम सांगितलं, जखऱ्यानं शिंगरू आणि चांदीची तीस नाणी सांगितली, बाविसाव्या स्तोत्रात कपड्यांवर टाकलेल्या चिठ्ठ्या आहेत. ताळा जुळतो, त्याबद्दल तुझे आभारच मानतो. पण काहींचं तेवढ्यावर भागत नाही. यहेज्केल एका हातात, मोबाइलवरच्या युद्धाच्या बातम्या दुसऱ्या हातात, आणि शेवटाची तारीख काढायची. ती घटका तुलाही ठाऊक नाही असं तू स्वतः सांगून गेलास, तरी आमच्या भावंडांना ती कळलेली असते! त्यांच्यावर रागावू नकोस. सूडाच्या दिवसाची घाई आम्हाला फार आहे. तू जिथं थांबलास तिथं आम्हाला थांबव.

मी नाशिकचा. कॅनडा कॉर्नरवरून शरणपूर रोडनं जाताना दुकानांच्या पाट्या आणि सिग्नलचे हॉर्न यांत ध्यानात येत नाही, पण बंदिवानांच्या सुटकेची ती ओळ इथं चालती-बोलती राहून गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं शरणपूर वसवलं. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या हाती तिथला कारभार होता. गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात अडवी, त्यांतली आफ्रिकी पोरं मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली कितीतरी इथं गोदावरीकाठच्या गावात येत. सुतारकाम, लोहारकाम शिकत, अक्षरं गिरवत, तुझं नाव घेत.

त्यांतलाच जेकब वेनराइट, याओ जमातीचा. पोरवयात धरून नेलेला, मग सोडवलेला, नाशिकला शिकलेला. 1872 साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला निघालेल्या काफिल्यात तो होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचं काळीज झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबनं, कारण त्याला वाचता येत होतं. झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. मग त्यांनी तो देह महिनोन् महिने वाहत समुद्रापर्यंत नेला. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं, त्या शवपेटीच्या मानकऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

प्रभू, प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा कूशी माणूस आहे. मुक्यानं वधाला जाणाऱ्या कोकराची ती ओळ कुणाबद्दल आहे, असं तो फिलिप्पाला विचारतो. परक्या देशातला, काळा, दुसऱ्याच्या सेवेतला माणूस तू भविष्यवाणीचा अर्थ विचारायला निवडलास. शरणपूरच्या बाकांवर त्याचेच भाऊ बसले होते.

तरी माझ्या मनात एक सल आहे, तो तुझ्यापुढं ठेवतो. त्यांना सोडवलं ते खरं, पण सोडवणाऱ्यांनीच त्यांची नावं बदलली. वेनराइट हे इंग्रजांचं आडनाव. याओ आईनं त्याला काय हाक मारली होती, ते कुठल्या वहीत नाही, तुझ्यापाशी असेल. पुढं 1875 च्या सुमारास नाशिकच्या या लोकांतले बरेच जण प्राइससाहेबांच्या मागोमाग मोंबासाजवळच्या फ्रेरे टाउनला गेले. पुन्हा जहाज, पुन्हा नवं गाव. सुटका अशी हप्त्याहप्त्यानं का देतोस, हे मला कळत नाही.

तुझा शब्द खरा होताना कुणाला तरी त्याचा घाव सोसावा लागतो. वृद्ध शिमोनानं तुझ्या आईला तेच सांगितलं होतं, तिच्या जिवातून तलवार आरपार जाईल म्हणून. इथून जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांना ते सांगणारा कुणी भेटला नव्हता. त्यांच्या नवऱ्याला, नारायण वामन टिळकांना, राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या साहेबानं नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहेबाचं म्हणणं ठरलं खरं, आणि इकडे लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. कित्येक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, पंढरपुरात दिवस काढले. त्या तुझ्याकडे आल्या त्या कुणाच्या भाकितावरून नव्हे, स्वतःच्या पायांनी, वाद घालत, सोवळं-ओवळं एकेक करून सोडत. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्या हसत हसत हे सांगतात, म्हणून तो घाव लहान होत नाही. अशा माणसांना जास्त सांभाळ, प्रभू. आमच्या साक्षीच्या सभांत बाप्तिस्मा घेणाऱ्याचं नाव निघतं, मागं राहिलेल्यांचं निघत नाही.

आणि आता आजचं बोलतो. 2022 साली याच जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली लहान मुलं किरकोळ पैशांवर अहमदनगरच्या बाजूला मेंढ्या राखायला दिल्याचं उघडकीस आलं. वेठबिगारच ती. दहा वर्षांची एक पोर त्यात दगावली, तेव्हा कुठं बाकीच्यांचा शोध सुरू झाला. आमच्या शरणपूरपासून इगतपुरी गाडीनं तास-दीड तासावर. बंदिवानांना सुटका ही ओळ तू वाचलीस ती त्या पोरीसाठीही वाचलीस ना? मग ती आमच्या कानांवर का पडली नाही?

उत्तर देऊ नकोस, मला ते ठाऊक आहे. आम्ही नाताळात यशयाचा नववा अध्याय वाचून बाळ जन्मल्याचा आनंद करतो, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गर्दी करतो, आणि तू वाचलेला एकसष्टावा अध्याय उपदेशकासाठी ठेवून देतो.

म्हणून एवढं मागतो. ती जी मुलं मेंढवाड्यांतून परत आली, त्यांना शाळा दे, आणि त्यांच्या आईबापांना पुन्हा कुणापुढं हात पसरायला लागणार नाही एवढी मजुरी दे. ज्यांचा माग अजून कुणी काढलेला नाही त्यांचा माग काढणारी माणसं उठव, आमच्या मंडळीतून उठव, नाही उठली तर जिथून उठतील तिथून उठव. सारफथ परकंच होतं. आणि कुणी त्यांना सोडवून आणलं, तर त्यांना त्यांच्या आईनं ठेवलेल्या नावानंच हाक मारायची बुद्धी दे.

आमेन.