लाइन क्लिअर

"मुझे तो किसी ने बताया ही नहीं." जयपूरच्या खातीपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या काकूच्या उशाशी बसून, हॉस्पिटलमध्ये रात्री दीडच्या सुमारास ऐकलेलं हे वाक्य महिना झाला तरी डोक्यातून जात नाही.

काकूचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेली, त्यामुळे कमरेखाली काही कळत नव्हतं. संध्याकाळी पावणेआठला वॉर्डबॉयने ट्रॉली आणली, "सिस्टर, सात नंबर" म्हणत फाइल काउंटरवर ठेवली आणि तो गेला. आठला ड्यूटी बदलली. भूल उतरत गेली तशी काकू तळमळू लागली. दुखत असेल म्हणून इंजेक्शन झालं, तरी तळमळ थांबेना. शेवटी रात्रीच्या सिस्टरने चादर बाजूला केली आणि लघवीच्या नळीवरून बोट फिरवत फिरवत ती खाली आली. नळीवर अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा प्लास्टिकचा चिमटा होता. ट्रॉलीवर घेताना पिशवीतलं उलटं जाऊ नये म्हणून कुणीतरी लावलेला, तो काढायचा राहून गेला होता. पिशवी कोरडी, ओटीपोट तट्ट फुगलेलं. चिमटा उघडला आणि थोड्याच वेळात काकू शांत झोपली. तेव्हा सिस्टर ते वाक्य बोलली.

घरी येऊन मी तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. ऑपरेशन थिएटरमधल्यांनी नीट सांगितलं पाहिजे, छापील यादी भरून दिली पाहिजे, हा माझा मुद्दा. यादीचं महत्त्व मी वाचकांना नव्याने सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी आणली, त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. यादीच्या शेवटच्या टप्प्यात पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्सने, आता पुढे काय जपायचं, हे मोठ्याने बोलायचं असतं. तो मुद्दा मी दोनतीनदा वाचला. जिला हे ऐकायची सगळ्यांत जास्त गरज आहे, ती त्या खोलीत नसतेच. ती वॉर्डात कुणाचं तरी सलाइन बदलत असते.

म्हणून सांगणं वेगळं आणि सोपवणं वेगळं, असं मला वाटू लागलं. सांगायला एक माणूस पुरतो. सोपवायला दोन लागतात. मराठीत चार्ज देणं आहे, ताबा देणं आहे, हवाली करणं आहे. यातलं एकही एकट्याने होत नाही. 'हवालदार' हा शब्दच पाहा. आज तो पोलिसाच्या बाहीवरच्या फितींपुरता उरला, पण मूळ अर्थ ज्याच्या हवाली काही केलं आहे तो. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे अधिकारी असत, आणि किल्ल्या हवालदाराकडे. पदाचं नाव देणाऱ्यावरून पडलं नाही, घेणाऱ्यावरून पडलं. हे तेव्हा नुसतं मनात आलं. त्याचा अर्थ नंतर लागला.

मधे नागपूरच्या मावसभावाशी फोनवर वाद झाला. तो सर्जन आहे. "अगं, फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असतं. वाचायचं कुणी?" असं त्याचं म्हणणं. हे मला अजिबात मान्य नाही. फाइल झालेलं सांगते. आज रात्री काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, हे फाइलमध्ये कुठे असतं? अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांच्या मुलांच्या विभागांत निवासी डॉक्टरांना पेशंट सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवली. त्यात हे दोन प्रश्न आहेत, आणि घेणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या तोंडाने परत सांगायचं आहे. 2014 साली निष्कर्ष आले, चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या. काकूच्या फाइलमध्ये नळी घातल्याची नोंद व्यवस्थित होती. चिमट्याची नव्हती.

मग तो म्हणाला, "आमच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर असते. ती कुणाकुणाचं उभ्याने ऐकणार?" यावर मी गप्प बसले.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलचं उदाहरण मला आठवत होतं. हृदयाचं ऑपरेशन झालेली लहान मुलं अतिदक्षता विभागात आणताना होणारा गोंधळ त्यांनी फेरारीच्या शर्यतीतल्या पथकाकडून शिकून कमी केला. आधी यंत्रं जोडायची, तोवर बोलायचं नाही. मग एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार दर खेपेला सांगायच्या राहणाऱ्या गोष्टी सरासरी 2.09 वरून 1.07 वर आल्या, आणि वेळ वाढला नाही, 10.8 मिनिटांवरून 9.4 झाला. पण तिथे खाटेभोवती अनेक माणसं होती. इथे एकच सिस्टर, तीही नुकतीच ड्यूटीवर आलेली.

उत्तर दिलं काकांनी. काका रेल्वेत स्टेशन मास्तर होते, जयपूर विभाग पश्चिम रेल्वेत होता त्या काळचे. खातीपुऱ्याच्या घरात चहा पिताना मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, "पाठवणाऱ्याच्या मर्जीने गाडी सुटत नाही गं. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिली तरच सुटते. आपली लाइन मोकळी नसेल तर तो नाही म्हणतो, मग गाडीत कोण का बसलेलं असेना." लाइन क्लिअर देताना पुढचा मास्तर एक खासगी नंबर सांगतो आणि दोन्हीकडच्या रजिस्टरात तो लिहिला जातो. मागाहून कुणाला 'बताया नहीं' म्हणता येत नाही.

माझा अर्ज चुकीच्या माणसांच्या नावाने होता. मी देणाऱ्यांना नीट बोला म्हणत होते. पण वॉर्डातल्या सिस्टरला 'अजून दहा मिनिटं थांबा, माझे हात मोकळे नाहीत' असं थिएटरला म्हणायचा अधिकारच नाही. आत पुढचं ऑपरेशन खोळंबलेलं असतं, ट्रॉली निघते आणि पेशंट तिच्या पुढ्यात येतो. जे तिने घेतलेलंच नाही त्याचा जाब आपण तिला विचारतो. मीही त्या रात्री तिला चढ्या आवाजात विचारला होता, आणि चिमटा सापडला तो तिच्याच बोटाला.

तो अर्ज मी फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात हॉस्पिटल चालवणाऱ्यांना विनंती आहे. ड्यूटी बदलायच्या वेळी, पावणेआठ ते सव्वाआठ, थिएटरमधून वॉर्डात पेशंट पाठवू नका. पाठवायच्या आधी वॉर्डाला फोन करून होकार घ्या. पेशंटबरोबर वॉर्डबॉय एकटा नको, ऑपरेशननंतरच्या रिकव्हरी रूममधली सिस्टर येऊ दे. दोघींनी मिळून प्रत्येक नळीवरून टोकापर्यंत हात फिरवावा आणि 'पेशंट ताब्यात घेतला' म्हणून वेळ टाकून वॉर्डातल्या सिस्टरने सही करावी. ती सही होईपर्यंत रिकव्हरीतल्या सिस्टरने खाटेपासून हलू नये.