एका पैची चूक आणि थकलेले वीजबिल



ऋण दोन ठिकाणी साठते : एक वहीवर, दुसरे मनात. वहीवरचे ऋण आकड्यात असते, म्हणून त्याला शेवट असतो. मनातले ऋण लाजेचे. त्याचे व्याज रात्रंदिवस चढते. पेन्शनीवर जगणाऱ्या पुष्कळ वृद्धांच्या घरी हे दुसरे ऋण विजेच्या बिलाबरोबर शिरले आहे. म्हणून हे चार शब्द.

कारखान्यात आयुष्य झिजविलेल्या माणसाला भविष्यनिधी योजनेतून किमान पेन्शन किती असावी, हे २०१४ साली ठरले : महिना १००० रुपये. त्यात किराणा, त्यात औषध, त्यातच दिवाबत्ती. एक बिल थकले की पुढच्या बिलात मागील बाकी, विलंब आकार आणि व्याज येऊन बसते. मग म्हातारबाबा काय करतात? बिल देव्हाऱ्यामागे खोचतात. मुलाला सांगत नाहीत. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात, नि कोणी विचारले तर म्हणतात, “पांडुरंग पाहील.”

पांडुरंग पाहतो, यात शंका नाही. दामाजीपंतांसाठी विठू होऊन त्याने बादशहाचा भरणा केला, ही कथा मंगळवेढ्याला पोरेसोरे सांगतात. परंतु दामाजींनी कोठारे उघडली ती भुकेल्यांसाठी, आणि उघडली ती दिवसाढवळ्या. त्यांनी काही झाकून ठेवले नव्हते. झाकलेल्या कागदाला विश्वासाचे नाव देऊ नये, बरे का!

दुसरी कथा नाथमहाराजांची. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहीत असता एका पैचा मेळ लागेना. रात्रभर दिवा लावून बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल! आपण कथेचा शेवट ऐकतो, आरंभ विसरतो. ज्याला परमार्थ करावयाचा होता, तो आधी पैचा हिशेब सोडून उठला नाही.

तेव्हा बिल बाहेर काढावे. मागील रीडिंग, चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहावे. रीडिंग न घेता सरासरीने आकारलेले असेल तर लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. चालू देयक किती आणि जुनी बाकी किती, हे वेगळे मांडावे. एकदम भरणे जमत नसेल तर वीज कचेरीत जाऊन हप्त्यांसाठी अर्ज करावा, आणि झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेविषयी वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतील कमी ती निषेध नोंदवून भरता येते. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल आहे. हे हक्काचे मागणे आहे, भीक नव्हे. मात्र वीजबिलासाठी सावकाराच्या दारी जाऊ नये, नि गोळी तर कधीच चुकवू नये. देह राहिला तर भजन.

कोणी म्हणेल, बिल भरावे तर वारी चुकते, वारीला जावे तर बिल राहते. माउली, कागद लपवून निघालेला मनुष्य टाळ वाजवितो खरा, पण वाटभर आकडेच मोजतो. आधी अर्ज द्यावा, पहिला हप्ता भरावा, मग दिंडीच्या विणेकऱ्याला मोकळेपणी सांगावे, “यंदा भिशी पुरी जमत नाही.” दिंडीत थकलेल्याचे गाठोडे दुसरा खांद्यावर घेतोच ना? पैशाचे गाठोडे काय वेगळे?

आणि तरुण मंडळींना एवढेच सांगणे : “बाबा, बिल आले का?” असे आपण होऊन विचारावे. ज्याने तुम्हांला उजेडात वाढविले, त्याला अंधारात बसवून घरात विठ्ठलाची आरती शोभत नाही.

रामकृष्णहरि.