अतिवृष्टि, अवर्षण आणि उत्तरदायित्व

मारुंजी-हिंजवडीकडे एखाद्या जोराच्या सरीनें रस्त्यांचे ओढे झाले कीं "हवामान बदललें" असा उद्गार कानीं पडतो. तो कितपत खरा मानावा?

अवर्षण महाराष्ट्रास नवें नाहीं. १८७६-७८ चा दुष्काळ कारखान्यांच्या धुरानें पडला असें कोणी म्हणणार नाहीं. हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी; एका घटनेवरून तिचा निवाडा होत नाहीं. परंतु तापमान एक अंशानें वाढलें म्हणजे हवेची बाष्पधारणशक्ति सुमारें ७ टक्क्यांनीं वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तीच तप्त हवा कोरड्या दिवसांत जमिनीची ओल अधिक शोषून घेते. तेव्हां पूर आणि दुष्काळ हीं एकाच कारणाचीं दोन फळें असूं शकतात.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो केवळ तापमानवाढीनेंच पडला असें म्हणवत नाहीं; तशा पावसाचा संभव वाढत आहे, एवढें म्हणतां येतें. परंतु मिठी नदीचें पात्र तर मेघांनीं आवळलें नव्हतें! आकाशांतून पडणारें पाणी आणि दारांत शिरणारें पाणी यांच्यामध्यें मनुष्याची करणी उभी असते.

पूर्वी आपण दैवास बोल लावून मोकळे होत असूं; आतां हवामानबदल हें दैवाचेंच नवें नांव होऊं पाहत आहे. आम्हांस हें मान्य नाहीं. दैवास जाब विचारतां येत नसे. येथें धूरही मनुष्याचा आणि बुजविलेला ओढाही मनुष्याचाच. म्हणून आपलें उत्तरदायित्व सरत नाहीं, दुणावतें.