पुसलेल्या फाइलची आठवण

“एक जादा ओळ दिसते, दिसू द्या की! तिनं काय बिघडतं?” संगणक दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझी तक्रार साधी होती. काढून टाकलेल्या फाइलचं नाव शोधल्यावर अजून यादीत येतं आणि क्लिक केलं की फाइल सापडत नाही म्हणून निरोप मिळतो.

शोध झटपट का लागतो, हे सांगायला नको. संगणक दर वेळी फाइली वाचत बसत नाही, कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याची तयार सूची चाळतो. म्हणजे आपला प्रश्न वस्तूपर्यंत पोचतच नाही, उत्तर नोंद देते. वस्तू आणि नोंद हा भेद मला फार मोलाचा वाटतो. फाइल पुसली तेव्हा सूची करणारी यंत्रणा बंद असेल, अडकली असेल, तर नोंद मागे राहते. वारसनोंद होईपर्यंत सातबाऱ्यावर मयताचं नाव राहतं, तशी.

तरुणाच्या म्हणण्यात तथ्य आहे. सूची बिघडली तरी मूळ फाइलींना धक्का लागत नाही. पण मग ती मोडायला तरी का कचरावं? विंडोजमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, रीबिल्ड, की नवी सूची तयार व्हायला लागते. मॅकवर डिस्क स्पॉटलाइटच्या वगळण्याच्या यादीत घालून पुन्हा बाहेर काढली की तेच होतं.

थोडं विषयांतर करतो. २०१४ साली युरोपीय न्यायालयानं गूगलच्या स्पेनमधल्या प्रकरणात निकाल दिला. एका गृहस्थाचं नाव शोधलं की थकबाकीपोटी झालेल्या मालमत्तेच्या लिलावाची १९९८ची जाहिरात समोर येई. वर्तमानपत्रातला मजकूर राहिला तरी शोधातले दुवे काढायला लावता येतात, असं न्यायालय म्हणालं. तिथे वस्तू ठेवून नोंद काढायची होती. माझ्याकडे वस्तू गेली आणि नोंद उरली.

इतका वेळ मी या नोंदीला खोटी समजून चाललो होतो. पण विंडोजची सूची नावावर थांबत नाही. तारखा, आकार, अनेकदा मजकुराची सुरुवातसुद्धा तिच्यात असते. म्हणून तर डिजिटल पुरावे तपासणारे सूचीची फाइल (विंडोज १०पर्यंत ‘विंडोज डॉट ईडीबी’) उघडून पाहतात. समजा, कुणी घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा पुसला. त्याच्या पहिल्या चार ओळी सूचीत शाबूत असतील, तर ती नोंद नको इतकी खरी आहे. त्या माणसानं जे विसरायला सांगितलं, तेच ती धरून बसली आहे. एका जादा ओळीनं बिघडतं ते हे.

तेव्हा खासगी कागद पुसल्यावर रीबिल्ड करावंच. काही तास शोध अर्धवट चालेल, तेवढी कळ काढावी. संगणक दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर एवढ्यानं भागत नाही, कारण मोडलेल्या सूचीचे अवशेषही डिस्कवर राहू शकतात. तिथे अख्खी डिस्कच नीट पुसायला हवी.