विदुराचा सल्ला आणि पोटचे मूल

महाभारताच्या आदिपर्वात दुर्योधनाच्या जन्माची जी हकीकत आली आहे, तिच्यापाशी आपण सहसा थांबत नाही. नवजात बालक गाढवासारखे ओरडले आणि कोल्ह्यांनी, गिधाडांनी, कावळ्यांनी त्याला साद दिली, तेव्हा भयभीत झालेल्या धृतराष्ट्राने ब्राह्मणांना व विदुराला पाचारण केले. आणि साक्षात् धर्माचा अंश मानल्या गेलेल्या त्या विदुराने असा सल्ला दिला की, हे मूल कुलक्षयास कारण होणार आहे, सबब राजाने त्याचा त्याग करावा व उरलेल्या ९९ पुत्रांवर समाधान मानावे. धृतराष्ट्राने पुत्रस्नेहापायी ते ऐकले नाही, आणि पुढचा सारा संहार ज्याला ठाऊक आहे त्या वाचकाला विदुराचेच म्हणणे रास्त वाटत आले आहे. मला ते कधीच पटलेले नाही. ज्याने अद्याप डोळेही नीट उघडले नाहीत, त्याच्यावर कोणत्या कृत्याची फिर्याद गुदरणार? धृतराष्ट्राचा अपराध फार पुढचा आहे: द्यूतसभेत ‘जिंकले काय?’ असे हर्षभराने पुनःपुन्हा विचारणारा आणि दुसऱ्या द्यूतालाही संमती देणारा बाप हा खरा अपराधी. मूल टाकायचे नाही, एवढे त्याला कळले. मुलाचा उगारलेला हात धरणे हेही बापाचेच काम, हे त्याच्या अखेरपर्यंत ध्यानात आले नाही.

हा प्रश्न केवळ हस्तिनापुरातला नाही. माझ्या परिचयाच्या एका घरी दहा वर्षांचा मुलगा आहे. वहीचे पान फाटले किंवा आमटी भाताला लागली, एवढे निमित्त त्याला पुरते. मग ताट भिंतीवर जाते, खुर्ची उलथते आणि आडवी येणाऱ्या आईच्या हाताचा चावा घेतला जातो. ती माऊली विळी आणि कात्री कपाटात कुलूपबंद ठेवते, मुलगा शाळेत गेल्यावरच भाजी चिरते, आणि ऐन वैशाखातही मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घालते, कारण दंडावरचे वळ लोकांना दिसू नयेत. धाकटी मुलगी पहिला आवाज चढताच न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावते. तासाभराने तोच मुलगा घामाघूम होऊन आईच्या मांडीशी येतो आणि विचारतो, “आई, लागलं का गं तुला?”

अशा घरी येणारे आप्त रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी अंगारा आणतो, कोणी देवऋष्याचा पत्ता. कोणी म्हणते, “दोन ठेवून द्या, सुधारेल.” आणि जी सर्वांत वयस्क असते ती सुस्कारा टाकून सांगते, “मागल्या जन्मीचा वैरी पोटी आलाय, भोगायलाच हवं.” हे अखेरचे वाक्य सांत्वनाच्या सुरात उच्चारलेले असले तरी तो विदुराचाच सल्ला आहे, फरक इतकाच की, येथे मूल अरण्यात न टाकता घरातच टाकले जाते. कर्मसिद्धान्ताविषयी मला आदर आहे. परंतु जो सिद्धान्त मनुष्याने स्वतःच्या आचरणाचा हिशेब स्वतः मांडावा म्हणून सांगितला गेला, तो दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देण्यासाठी वापरणे, आणि तेही एका बालकाच्या, ही त्या सिद्धान्ताची घोर विटंबना आहे. पूर्वजन्मीचे खाते उघडून पाहण्याचा अखत्यार आपल्यापैकी कोणालाही मिळालेला नाही.

उलट गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन जे विचारतो ते या आईने अवश्य वाचावे. इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने जुंपल्यासारखा, मनुष्य पाप का करतो, हा त्याचा प्रश्न आहे. आणि तो विचारणारा अजाण पोर नसून इंद्रियनिग्रहासाठी ख्यात असलेला प्रौढ योद्धा आहे. श्रीकृष्ण त्याला या प्रश्नाबद्दल दूषण देत नाहीत. ते वैरी ठरवितात ते काम-क्रोधांना, त्यांनी ग्रासलेल्या माणसाला नव्हे. अर्जुनासारख्याची जर ही कैफियत, तर दहा वर्षांच्या जिवाकडून आपण कोणत्या निग्रहाची अपेक्षा करतो?

लौकिक कायदाही येथे आप्तांहून अधिक दयाळू निघाला. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नव्हे, हे १८६० च्या दंडसंहितेने मान्य केले आणि नव्या न्यायसंहितेनेही ते कायम ठेवले. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करण्यास महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मनोरुग्णांना साखळदंडाने बांधण्याची मनाई २०१७ च्या कायद्यात आली. तत्पूर्वी २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे, आग लागली असता साखळ्यांमुळे पळता न आलेले २८ जीव जळून गेले होते.

दोष नाही म्हणून दायित्वही नाही, असे मात्र कोणी समजू नये. मुलांमधील नैराश्य पुष्कळदा खिन्नतेऐवजी चिडचिडीच्या रूपाने प्रकट होते. भय, झोपेचा अभाव, शिकण्यातली एखादी अडचण, हीही संतापाच्या मुळाशी असू शकतात, आणि त्यांचा शोध मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावा लागतो. उद्रेकाच्या क्षणी उपदेश व्यर्थ असतो. थोडे शब्द, शांत स्वर, धोक्याच्या वस्तू दूर, धाकट्या भावंडाला सुरक्षित जागा. बोलायचे ते नंतर, आणि तेव्हा निश्चितपणे बोलायचे: रागावलास हे समजले, मारणे चालणार नाही. हे रोज, वर्षानुवर्षे करणे म्हणजे तपच आहे, आणि त्या तपात कधी एखाद्या रात्री ‘हा जन्मालाच आला नसता तर’ असा विचार आईच्या मनात आला, तर ते पाप नव्हे. तो थकलेल्या देहाचा हुंकार आहे. तिने तो कोणापाशी तरी बोलून दाखवावा. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच कामासाठी अहोरात्र चालू असतो.

आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सोयऱ्याधायऱ्यांना माझी विनंती आहे. अंगारा घरीच ठेवा. संध्याकाळी दोन तास त्या धाकटीला आपल्याकडे जेवायला न्या, आणि तेवढा वेळ तिच्या आईला झोपू द्या.