बाटलीचा जबाब

दारूच्या दुकानात गिऱ्हाईक लेबल वाचत नाही, ओळखते. पनवेलजवळच्या खांदेश्वर स्थानकातून बाहेर पडून कामोठ्याकडे वळा किंवा नवीन पनवेलकडे, संध्याकाळच्या वेळी कोणत्याही वाइन शॉपसमोर हेच दिसते. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये लोखंडी जाळी असते. बाटली हातात घेऊन, फिरवून, मागचा बारीक मजकूर वाचण्याची सोय नसते. जाळीच्या खिडकीतून नोट आत जाते, पाठोपाठ ब्रँडचे नाव आणि 'क्वार्टर' किंवा 'निप' एवढा शब्द जातो, आणि कागदात गुंडाळलेली बाटली बाहेर येते. म्हणून लेबलाला चार हातांवरून ओळख पटवावी लागते. सोनेरी कडा, काळी पार्श्वभूमी, एखादा मुकुट, एखादा किल्ट घातलेला वादक, एवढ्यावर काम भागते.

या कागदाकडे कलेचा नमुना म्हणून पाहता येते, तसे पाहणारे संग्राहक जगभर आहेत. मला मात्र तो एक जबाब वाटतो. आत काय आहे, ते कोणी केले, किती जुने आहे, याबद्दल कोणीतरी लेखी दिलेला जबाब. जबाब देखणा असला म्हणून खरा ठरत नाही. तो खोटा निघाल्यास कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते, तेव्हाच त्याला अर्थ येतो. अमेरिकन व्हिस्कीच्या लेबलाचा इतिहास हा या एका गोष्टीचा इतिहास आहे, आणि महाराष्ट्रातल्या बाटलीला तो लावून पाहण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकात केंटकी-टेनेसीकडची बहुतेक व्हिस्की पिंपातून सुटी विकली जाई. डिस्टिलरीतून निघालेले पिंप घाऊक व्यापाऱ्याकडे जाई आणि गुत्त्यावर पोहोचेपर्यंत त्यात साधे स्पिरिट, करपवलेली साखर, आलुबुखाऱ्याचा रस असे काय काय मिसळलेले असे. पिणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता. लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राऊनने 1870 मध्ये 'ओल्ड फॉरेस्टर' ही बर्बन फक्त सीलबंद काचेच्या बाटलीतून विकायला सुरुवात केली. तो औषधविक्रीच्या धंद्यातून आलेला होता. डॉक्टर रुग्णांना व्हिस्की लिहून देत, पण दर वेळी वेगळाच माल मिळतो अशी त्यांची तक्रार असे. ब्राऊनने लेबलावर हस्ताक्षरात हमी छापली. कल्पना उत्तम होती, पण हस्ताक्षर कोणीही छापू शकतो. चांगल्या माणसाचा शब्द आणि भामट्याचा शब्द एकाच छापखान्यातून निघतात.

खरा बदल 1897 च्या 'बॉटल्ड-इन-बाँड' कायद्याने झाला. माल एकाच डिस्टिलरीचा आणि एकाच हंगामातला हवा, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेला हवा, आणि त्यात मद्यार्क बरोबर 50 टक्के हवा. या अटी पाळल्या तर बाटलीच्या तोंडावर सरकार हिरवी पट्टी चिकटवणार, तिच्यावर माल कधी गाळला आणि कधी बाटलीत भरला ते छापलेले असणार. या कायद्यासाठी झटला तो कर्नल एडमंड टेलर स्वतः डिस्टिलरीवाला होता, आणि त्याला साथ देणारा कोषमंत्री जॉन कार्लाइल केंटकीचाच. भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्यांना बाजारातून हटवणे हा त्यांचा सरळ स्वार्थ होता. ग्राहकहिताच्या पहिल्या मोठ्या अमेरिकन कायद्यांत आज त्याची गणना होते. स्वार्थातून जन्मला तरी कायदा कामाचा ठरला, कारण लेबलावरचा प्रत्येक दावा आता तपासता येत होता.

पुढे 1906 मध्ये शुद्ध अन्न आणि औषध कायदा आला आणि व्हिस्की म्हणायचे तरी कशाला, यावर वकील, रसायनशास्त्रज्ञ आणि व्यापारी यांच्यात जुंपली. अखेर 1909 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी निकाल दिला. व्हिस्की धान्याचीच. मुरवलेली शुद्ध व्हिस्की आणि मिश्रण यांची लेबले वेगळी असावीत. उसाच्या मळीपासून काढून रंग दिलेल्या स्पिरिटला मात्र व्हिस्की म्हणून मिरवता येणार नाही.

मळीचे नाव निघाले की महाराष्ट्र दूर राहत नाही. आपल्या साखर कारखान्यांच्या आवारात आसवनी उभी राहिली ती मळीच्या जोरावर. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त व्हिस्कीचा मोठा भाग मळीच्याच स्पिरिटवर उभा आहे. युरोपीय संघात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, आपल्याकडे येते. यात चव चांगली की वाईट हा प्रश्न नाही. उसाची दारू करणे हे पाप नव्हे, जगभर लोक तिला रम म्हणून आनंदाने पितात. प्रश्न एवढाच, की लेबल ऊस का लपवते?

या प्रश्नाचे मराठी मुलखातले सर्वांत बोलके उदाहरण प्रवरेचे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला उभा राहिलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना हा सहकाराचा मानबिंदू. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. याच कारखान्याची व्हिस्की 'ड्रम बीटर' आणि 'गॉडफादर' या नावांनी बाजारात आली. लेबलावर स्कॉच मिसळल्याचा उल्लेख आणि किल्टमधला स्कॉटिश ढोलवादक होता. स्कॉच व्हिस्की असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने ते लेबल वापरण्यास मनाई केली. माल स्कॉटलंडचा आहे असा गिऱ्हाईकाचा समज होईल, हा मुद्दा न्यायालयाला पटला. अशा लढाया असोसिएशनने दर वेळी जिंकल्या असेही नाही. खोडे कंपनीच्या 'पीटर स्कॉट'विरुद्ध ती फार उशिरा जागी झाली, म्हणून 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने पिकवलेल्या उसाला विकले जाण्यासाठी परदेशी ढोलवाला लागावा, यात कारखान्यापेक्षा आपल्या सगळ्यांचीच गोष्ट आहे. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव ठळक छापताना कोणाला संकोच वाटत नाही. बाटलीवर मात्र परदेशी प्रतिष्ठा लागते. मुंबईच्या हर्बर्टसन्सने 1976 मध्ये आणलेल्या 'बॅगपायपर'वर स्कॉटिश वादक होता. कोणी नावाने डायरेक्टर झाले, 1988 मध्ये ऑफिसर आला. साहेब देशातून गेला, पण बाटलीवर त्याचा हुद्दा राहिला. स्वतःच्या मातीचे नाव लावायची वेळ येते तेव्हा देशी दारूवर संत्र्याचे चित्र येते आणि ती गरिबाची दारू ठरते.

अमेरिकन लेबल धुतल्या तांदळासारखे आहे असे मात्र नव्हे. तिथेही 'ओल्ड' या शब्दाने सुरू होणाऱ्या नावांची रांग आहे. जॅक डॅनियल्सच्या लेबलावर लिंचबर्ग गावाची लोकसंख्या 361 अशी कित्येक दशके छापली जात होती. प्रत्यक्षात ती केव्हाच हजारांत गेली होती, पण लहानशा गावची दारू ही प्रतिमा विकाऊ होती. ज्या मूर परगण्यात ही डिस्टिलरी आहे तिथे दारूबंदीचा वारसा आजही कायम आहे, हे लेबल ठळकपणे सांगत नाही. आयोवाच्या परंपरेचा डौल मिरवणाऱ्या 'टेम्पल्टन राय'ची व्हिस्की प्रत्यक्षात इंडियाना राज्यातल्या मोठ्या कारखान्यात गाळलेली निघाली. त्यावर 2014 मध्ये दावे दाखल झाले, पुढच्या वर्षी कंपनीला तडजोड करावी लागली. फसवणूक दोन्ही देशांत होते. फरक इतकाच, की तिथे माल कुठे गाळला ते लेबलावर सांगण्याचा नियम होता, म्हणून नागरिकाला बोट ठेवायला जागा मिळाली.

आपल्या लेबलावर काय काय असते ते घरी नीट पाहावे. कमाल किंमत, बॅच क्रमांक, मद्यार्काचे प्रमाण, कोणत्या राज्यात विक्रीसाठी, उत्पादन शुल्क विभागाचा होलोग्राम. म्हणजे कर भरला आहे, याचा पुरावा चोख. आरोग्याचा इशाराही असतो, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी तो सक्तीचा झाला. गंमत अशी, की महाराष्ट्रात कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आणि तो आरोग्याच्या रक्षणासाठी दिला जातो. बाटली सांगते, हे आरोग्याला घातक आहे. परवाना सांगतो, हे आरोग्यासाठीच आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा सांगाडा तसाच ठेवून आत बाजार भरवला, त्याचे हे फळ. अमेरिकेनेही 1920 ते 1933 या बंदीच्या काळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की विकली होती. बंदी उठली तेव्हा त्यांनी चिठ्ठी फाडली. आपण ती पाच रुपयांना विकत राहिलो.

राज्याने 2025 मध्ये 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार जाहीर केला, धान्यापासून बनलेल्या आणि राज्यातच तयार झालेल्या मद्याचा. महसूल वाढवण्याच्या निर्णयाचा तो भाग होता, हे उघड आहे. तरी कशापासून आणि कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरे वर्गवारीतच देण्याची ही चांगली संधी आहे. 1897 चा कायदाही स्वार्थातूनच आला होता.

लेबल नसले तर काय होते, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. 1991 सरताना मुंबईने आणि पुन्हा 2004 मध्ये विक्रोळीने हेच पाहिले होते. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. त्यांच्या दारूवर कोणाचेही नाव नव्हते, म्हणून जबाब विचारायला मृत्यूनंतरची पोलीस चौकशी एवढाच मार्ग उरला. लेबलाला शोभेची वस्तू समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. नाव छापणे म्हणजे पकडले जाण्याची तयारी दाखवणे.

मात्र नाव छापले जाते ते मालकाचे. जॅक डॅनियलला व्हिस्की गाळायला शिकवणारा निअरेस्ट ग्रीन हा गुलामगिरीत असलेला कृष्णवर्णीय कारागीर होता. दीड शतक त्याचे नाव बाटलीवर कुठेच नव्हते. 2016 मध्ये ही हकिगत सर्वदूर पोहोचली आणि पुढच्या वर्षी 'अंकल निअरेस्ट' नावाची व्हिस्की बाजारात आली. आपल्या पायाखालच्या जमिनीतही अशी गोष्ट पुरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते आणि तेव्हा ते पनवेल तालुक्यातच मोडत होते. पारशी आसवनीवाल्यांच्या भट्ट्यांत गुजरातच्या पंचमहालातून मोहाची फुले येत आणि दारू मुंबईला जाई. 1878 च्या अबकारी कायद्याने घरगुती गाळण्याला लगाम घातला, 1892 च्या मोहवा कायद्याने ठाणे-कुलाबा भागात फूल जवळ बाळगण्यावरही बंधने आली. मोहाचे फूल वेचणे, वाळवणे, आंबवणे, गाळणे हे ज्ञान कातकरी, ठाकर, वारली यांच्या घरांत होते. ते हळूहळू गुन्हा ठरले. आज मोहाची महागडी बाटली देखण्या लेबलासह बाजारात आली आहे. या ज्ञानाच्या वारसांचे नाव त्या धंद्यात कुठे आहे, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

महाराष्ट्रात अशी एक बाटली आहे जिच्यावर काहीच छापलेले नसते, तरी ती सर्वांना वाचता येते. दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांच्या मागणीवरून मतदान होते, तेव्हा चिन्हे असतात उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला पुरेशी मते पडली की दुकान बंद. पनवेलशेजारच्या खारघरच्या रहिवाशांनीही दारूमुक्त वसाहतीसाठी दीर्घकाळ आवाज उठवला आहे. पिणाऱ्याचे हित आणि न पिणाऱ्याचे हित वेगळे नाही. दोघांनाही आपल्या वस्तीत काय विकले जाते हे जाणण्याचा हक्क आहे.

म्हणून मागणी साधी असावी. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत चार गोष्टी हव्यात. मद्यार्क मळीचा की धान्याचा, तो कोणत्या कारखान्यात गाळला, किती काळ मुरवला, आणि रंग व स्वाद वरून घातला का. यातले काही खोटे निघाले तर परवाना जावा. मुकुट, घोडे, ढोलवादक खुशाल राहू द्यावेत. सरकारने कर वसूल झाल्याची खात्री बाटलीवर चिकटवण्याची यंत्रणा उभी केलीच आहे. त्याच बाटलीवर नागरिकाला खरे सांगण्याची जागाही त्यानेच राखावी.